रिकामा पाय

“सर, गुडघे सोडा.”

त्या सकाळी मयेकरांनी मला हे चौथ्यांदा सांगितलं. आवाज अगदी मऊ, शेजाऱ्याकडे पेपर मागावा तसा. पण बागेतल्या त्या फरशीच्या चौथऱ्यावर आम्ही सतरा जण होतो, नोव्हेंबरची थंडी होती आणि बाकी कुणी चकार शब्द काढत नव्हतं. उरलेल्या सोळाही जणांना ते ऐकू गेलं. मी गुडघे सोडले, म्हणजे सोडल्यासारखं केलं.

चौतीस वर्षं मी साताऱ्यातल्या एका शाळेत पी.टी. शिकवलं. ‘सावधान’ म्हटल्यावर ज्याचा गुडघा वाकलेला दिसेल त्याच्या पोटरीवर माझी छडी बसायची. माझ्या हाताखालून गेलेली पोरं पोलिसांत आहेत, लष्करात आहेत, आणि भेटली की अजूनही ताठ उभी राहतात. आणि बोटीवर इंजिनं दुरुस्त करण्यात जन्म घालवलेला, फुंकर मारली तर उडेल असा हा मालवणचा माणूस मला सांगत होता, गुडघे सोडा.

“वहिनींकडे बघा,” मयेकर म्हणाले. “त्या कशा उभ्या आहेत ते बघा सगळ्यांनी.”

सगळ्यांनी माझ्या बायकोकडे पाहिलं. मीही पाहिलं. प्रमिला आपली उभी होती, भाजीवाल्यापुढे पिशवी घेऊन उभी राहते तशीच. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. तेव्हा मी पासष्टीचा होतो, प्रमिला एकसष्टची. त्याआधी दोन वर्षं तिच्या कानाच्या आत काहीतरी बिघडलं आणि तिचा तोल जायला लागला. एकदा ती मंडईत पडली, एकदा न्हाणीघरात. औषधांनी कान बरा झाला. डॉक्टरांनी दोनदा तपासून सांगितलं की आता काही दोष नाही. पण भीती काही बरी झाली नाही. घराबाहेर पाऊल टाकायचं तर तिला माझा हात लागायचा. मी कोपरात हात वाकवायचा, तिनं तो धरायचा, आणि आम्ही राजवाड्यापर्यंत जाऊन यायचं. लोक थांबून बघायचे. “शेडगे सरांसारखा नवरा मिळायला नशीब लागतं,” असं बायका प्रमिलाला माझ्यादेखत म्हणायच्या, आणि मी ऐकू न आल्यासारखं करायचो.

खरं सांगतो, मला ते फार आवडायचं. निवृत्त झाल्यापासून माझ्या शिट्टीवर जगात कुणी हलत नव्हतं. ही एक बाई होती, जी माझ्याशिवाय उंबरा ओलांडत नव्हती.

त्याच डॉक्टरांनी आम्हाला ताई ची या संथ चिनी व्यायामाचं नाव सांगितलं. तोलासाठी चांगलं असतं म्हणाले, आणि सदरबझारातल्या बागेत मयेकर नावाचे गृहस्थ सकाळी फुकट शिकवतात. मी सोबत म्हणून गेलो. पहिल्या दिवशी मी चौथऱ्यावर प्रमिलाचा हात धरून उभा राहिलो तेव्हा मयेकर म्हणाले, “सोबत म्हणून कुणी उभं राहायचं नाही सर. उभं राहिलात की शिकायचं. आणि वहिनींचा हात सोडा.”

“पडेल ती.”

“पडल्या तर मी आहे ना.”

ते ‘मी आहे ना’ मला तिथल्या तिथं खुपलं.

मग त्यांनी चालायला शिकवलं. माणूस चालतो कसा, हे पासष्टाव्या वर्षी शिकायचं होतं. “आपण चालतो म्हणजे पुढे पडतो आणि वेळेवर पाय आडवा घालतो,” मयेकर म्हणाले. “इथं तसं नाही करायचं. सगळं वजन एका पायात. दुसरा पाय रिकामा. तो रिकामा पाय पुढे ठेवायचा, नुसता ठेवायचा, खाली जमीन आहे का ते बघायचं. आहे म्हणाली की मग हळूहळू वजन त्यात ओतायचं, या घागरीतनं त्या घागरीत. नाही म्हणाली तर पाय परत घ्यायचा. वजन आपल्याकडेच आहे, पडणार कसे?”

आम्ही सगळे डगमगलो. सेवानिवृत्त नर्स निकमबाई तर माझ्या खांद्यावर येऊन आदळल्या. प्रमिला मात्र त्या टोकापासून या टोकापर्यंत चालत आली. हळू, पण एकदाही न थांबता आणि न डुलता.

मयेकर बघतच राहिले. “आधी कुठं शिकलात, वहिनी?”

“कुठं नाही हो,” ती ओशाळून म्हणाली. “दोन वर्षं मी अशीच चालते. फरशी आहे का ते आधी बघते, मग पाय ठेवते. भीती वाटते ना.”

मयेकर हसले, अगदी मनापासून. “मला हे यायला मलेशियात, पिनांगच्या गोदीत, तीन वर्षं लागली. एक म्हातारा चिनी सुतार रोज पहाटे मला शिव्या द्यायचा.” मग आमच्याकडे वळून म्हणाले, “यांची भीती जे करते ना, तेच आपल्याला न भिता करायचं आहे.”

घरी जाताना प्रमिलानं माझा हात धरला होता, पण सैल. मला ते लगेच कळलं.

पुढचे दोन महिने मी जळत काढले. दुसरा शब्द नाही. शब्द सभ्य करून उपयोग नाही. आमच्या घरात ‘मयेकर म्हणाले’ नावाचा एक तिसरा माणूस राहायला आला. मयेकर म्हणाले, भांडी घासताना खांदे वर चढू द्यायचे नाहीत. मयेकर म्हणाले, हात हलवायचा नाही, कंबर वळली की हात आपोआप जातो. मयेकर म्हणाले, डोकं वरून दोरीनं टांगल्यासारखं ठेवायचं आणि बाकी सगळं खाली सोडून द्यायचं. पोळ्या लाटताना तिची कंबर लाटण्याबरोबर वळायची. मी दारात उभा राहून बघायचो आणि ताट वाढेपर्यंत माझी भूक मरायची.

चौतीस वर्षं मीही याच घरात राहून कवायत शिकवली होती. एकदाही तिनं ‘शेडगे सर म्हणाले’ म्हणून खांदे खाली घेतले नव्हते.

बरं, मला स्वतःला जमत असतं तरी एक वेळ चाललं असतं. मी सतरा जणांत सगळ्यांत कच्चा होतो. छाती बाहेर काढायची सवय, तर मयेकर म्हणायचे छाती सोडा. श्वास धरायची सवय, तर म्हणायचे श्वास चालू द्या. जोर लावला की म्हणायचे, “सर, कुणाशी भांडताय?” निकमबाई एकदा सर्वांसमोर म्हणाल्या, “सर, तुम्ही मधल्या ओळीत आहात ते बरंय. तुमच्या मंडळींचं बघून करा.” सगळे हसले. मीही हसलो. अंगाचा तिळपापड होत असताना हसायला किती जोर लागतो, ते मला विचारा.

मग कोपऱ्याची गोष्ट आली. सव्वीस जानेवारीला ज्येष्ठ नागरिक संघाच्या कार्यक्रमात आमच्या वर्गानं प्रात्यक्षिक करायचं ठरलं. ताई चीत माणूस एकाच दिशेला तोंड करून उभा राहत नाही, चारही दिशांना वळतो. वळलं की पुढचे मागे जातात आणि पुढे बघून करणाऱ्यांना पुढे कुणीच उरत नाही. म्हणून चारही कोपऱ्यांवर चांगली येणारी माणसं उभी करतात. तोंड कुठंही वळलं तरी समोर बघायला एक जाणता माणूस असतो. मयेकरांनी पूर्वेचा कोपरा प्रमिलाला दिला.

माझी जागा मधेच होती. अर्धं प्रात्यक्षिक झालं की सगळे पूर्वेला वळायचे, आणि माझ्या डोळ्यांसमोर प्रमिलाची पाठ यायची. हिरवी शाल, अंबाडा, आणि खाली न डगमगणारी दोन पावलं. तिचं बघून मी हात उचलायचा. ती खाली बसेल तसं मी बसायचं. जी बाई माझ्या हाताशिवाय दूध आणायला जात नव्हती, तिच्या पाठीकडे बघून मी पाऊल कुठं ठेवायचं ते ठरवत होतो.

त्याच आठवड्यात तिनं माझा हात सोडला. आधी बागेच्या फाटकाशी सोडायची, मग कोपऱ्यावरच्या दुकानाशी सोडायला लागली. एका सकाळी आमच्याच दारात मी कोपर वाकवून उभा राहिलो आणि ती बाजूनं निघाली.

“हात धर, रस्ता खणलाय,” मी म्हणालो.

“नको. हात धरला की वजन एकीकडे जातं,” ती म्हणाली. तिच्या मनात काही नव्हतं. ती खड्ड्याकडे बघत होती.

प्रात्यक्षिकाला दहा-बारा दिवस राहिले असताना एका संध्याकाळी ती बाहेरच्या खोलीत सराव करत होती. मी पेपर वाचत होतो, म्हणजे पेपरच्या वरून बघत होतो.

“अहो,” ती म्हणाली, “पूर्वेकडचं ते मोठं वळण आहे ना, तिथं माझा उजवा पाय जरा अडखळतो. बघता का एकदा?”

दोन महिन्यांत तिनं मला पहिल्यांदा काही विचारलं होतं. मी पेपर ठेवला.

त्या वळणाबद्दल मयेकरांचा एकच नियम होता, आणि तो त्यांनी इतक्या वेळा सांगितला होता की बागेतल्या माळ्यालाही पाठ असेल. ज्या पायावर वजन आहे तो पाय वळवायचा नाही. आधी तो रिकामा करायचा, मग पंजा वळवायचा, मग पुन्हा भरायचा. “गुडघा म्हणजे बिजागरी आहे,” ते म्हणायचे. “तो स्क्रू नाही. पिरगाळलात तर तुटेल.”

“कर बघू,” मी म्हणालो.

तिनं केलं. वजन मागे घेतलं, पंजा उचलून वळवला, पुन्हा वजन दिलं. मधे जरासा थांबा येत होता, इतकंच.

“हे बघ,” मी उठलो. “तू मधे पाय सैल करतेस, म्हणून थांबा येतो. वजन तसंच ठेव. पंजा जमिनीवर पक्का दाबून धर आणि कंबरेतून एका दमात वळ.”

“पंजा हलवायचा नाही?”

“अजिबात नाही. परेडमध्ये असंच असतं.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं असं मला आता वाटतं, तेव्हा वाटलं नव्हतं. “बरं,” ती म्हणाली आणि तसं वळली. सावकाश वळली, म्हणून काही झालं नाही.

“झकास. आता परत. एक, दोन.”

मी टाळ्यांवर ताल धरला. तिसऱ्या-चौथ्या खेपेला तिला हसू आलं. “शाळेत असंच शिकवत होता होय?” ती म्हणाली. “मला कधी दाखवलं नाहीत.” मी तिला शाळेतली दोन-तीन जुनी माणसं चालून दाखवली, आमचा तिरका चालणारा हेडमास्तर दाखवला. ती हसून हसून खुर्चीत बसली. तीन संध्याकाळी आम्ही तो सराव केला. तिसऱ्या दिवशी ती माझ्या टाळीबरोबर झटकन वळत होती.

चौथ्या दिवशी सकाळी बागेत मयेकरांनी नेहमीपेक्षा जरा भराभर प्रात्यक्षिक घेतलं. आम्ही पूर्वेला वळलो. समोर हिरवी शाल वळली, उजवा पंजा फरशीला चिकटून राहिला, आणि कोरडी काडी मोडावी तसा बारीक आवाज आला. ती ओरडली नाही. पडलीही नाही. दोन्ही हात फरशीवर टेकून ती हळूच खाली बसली.

मयेकर पुढे होते, तरी मी त्यांच्या आधी पोचलो. तिनं माझ्या गळ्याभोवती हात टाकला आणि तोंड माझ्या खांद्यात घातलं. मयेकर वाकले, त्यांनी हात पुढे केला, तर ती म्हणाली, “नको, हे आहेत.” मी तिला उचलून रिक्षापर्यंत नेलं. वेदनेनं तिचे दात वाजत होते आणि मला आनंद झाला होता. मी हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

गुडघ्यातली गादी फाटली होती. ऑपरेशनची वेळ आली नाही, पण सहा आठवडे पट्टा बांधून पाय सरळ ठेवायचा होता. प्रात्यक्षिक तिच्याशिवाय झालं, पूर्वेच्या कोपऱ्यावर निकमबाई उभ्या राहिल्या. मी बागेत जाणं सोडलं. मी स्वयंपाक केला, तिची वेणी घातली, तिला धरून न्हाणीघरात नेलं. शेजारणी डबे घेऊन यायच्या आणि पुन्हा नशिबाच्या गोष्टी बोलायच्या. ‘मयेकर म्हणाले’ आमच्या घरातून निघून गेला होता. ते सहा आठवडे मी सुखात होतो.

पट्टा निघायच्या आदल्या दिवशी मयेकर घरी आले. सोबत कोकमाच्या आगळाची बाटली होती, मालवणहून आलेली. मी आत चहा टाकत होतो, पण आमचं घर काही इतकं मोठं नाही. शब्दन् शब्द ऐकू येत होता.

“वहिनी, एक विचारू?” मयेकर म्हणाले. “मला झोप नाही त्या दिवसापासून. तुमचा पाय वजनावर कसा काय वळला? दोन महिन्यांत तुम्ही एकदाही तसं केलं नव्हतंत. माझं काही शिकवण्यात चुकलं का?”

माझ्या हातातली चहाची गाळणी तशीच राहिली.

“तुमचं कशानं चुकेल?” प्रमिला म्हणाली. “माझंच लक्ष नव्हतं. घरात दूध उतू गेलं असेल का, असलं काहीतरी डोक्यात होतं.”

मी चहा नेला तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं कपबशी घेतली आणि मयेकरांना मालवणच्या पावसापाण्याचं विचारलं. ते गेले. सुटलो, असं मनात म्हणालो आणि कप विसळले.

पट्टा निघाला. पाय बरा झाला, असं डॉक्टर म्हणाले. वर्गाला पुन्हा कधी जाणार असं मी एकदा विचारलं, विचारायला हवं म्हणून. ती म्हणाली, “नको आता. मला नाही जमायचं ते. तुमचा हात आहे की.”

जे मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. फक्त आता ती पूर्वीसारखीही चालत नव्हती. पूर्वी भीत भीत का होईना, फरशी चाचपून पाय ठेवायची. आता डोळे माझ्या हातावर लावून सगळा भार माझ्यावर टाकायची. पाय नुसते मागून ओढले जायचे. पलंगापासून न्हाणीघर अकरा पावलांवर. तेवढ्यासाठी ती हाक मारायची.

मार्चमधली एक दुपार होती. मी पोवई नाक्यावर सायकलचं टायर बदलायला गेलो. अर्ध्या तासात येतो म्हणालो होतो. तिथं माझा एक जुना विद्यार्थी भेटला, फौजदार झालेला. माझ्या पाया पडला, चहाला घेऊन गेला, आणि चार लोकांत म्हणाला की सरांनी शिस्त लावली म्हणून मी आहे. मी दोन तासांनी घरी आलो.

प्रमिला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. दोन्ही हातांनी चौकट धरलेली. पाय थरथरत होते. पाणी प्यायला म्हणून भिंत धरून तिथवर आली होती, आणि मग तिला ना पुढे जाता आलं ना मागे. साडी खालपर्यंत ओली होती, पायाशी फरशीवर ओल होती.

“तुम्ही येईपर्यंत थांबले,” ती म्हणाली. तिनं मान फिरवली.

मी तिला धुतलं, कोरडी साडी नेसवली, पलंगावर बसवलं. फरशी पुसली. मग खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो आणि तिचा हात हातात घेतला. मला काहीतरी बोलायचं होतं, पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

“त्या मयेकरांना तू खोटं का सांगितलंस?”

“मग काय सांगायचं होतं? तुम्ही चुकीचं शिकवलंत म्हणून?”

“तुला माहीत होतं?”

“अहो, वजनावर पाय वळवायचा नाही, हे मयेकर दिवसाला दहा वेळा सांगत होते.”

“मग ऐकलंस कशाला माझं?”

“तिथं रोज चारचौघांत तुम्हाला चूक काढून दाखवायचे. सर गुडघे, सर छाती. तुमचं तोंड एवढंसं व्हायचं. मला बघवायचं नाही.” ती माझ्या हाताकडे बघत होती. “घरात मी आणखी कशाला चूक काढू? किती दिवसांनी तुम्ही मोकळे दिसत होता. टाळ्या वाजवत होता, त्या हेडमास्तरांची नक्कल केलीत. म्हटलं, घरी तुमच्यासारखं करू, तिथं गेल्यावर त्यांच्यासारखं वळू. पण तीन दिवसांत पायाला तीच सवय लागली. माझं मलाही कळलं नाही.” मग तिनं माझा हात थोपटला. “जाऊ द्या. माणूस चुकतो. तुम्हाला काय माहीत असं होईल.”

तिनं मला माफ केलं होतं. जानेवारीतच केलं होतं, आणि मी न मागता. मी मान डोलावली असती तर गोष्ट तिथंच मिटली असती. मी तसं करणारही होतो. पण पुसायचं फडकं अजून खुर्चीच्या पायाशी पडलेलं होतं.

“मी चुकलो नव्हतो, प्रमिला,” मी म्हणालो.

“म्हणजे?”

“मलाही नियम पाठ होता. तुला चुकीचं सांगतोय हे सांगतानाच मला माहीत होतं. गुडघ्याचं डोक्यात नव्हतं, देवाशपथ नव्हतं. तू त्या कोपऱ्यात डगमगावंस, मयेकरांनी ते बघावं, आणि तू माझा हात धरावास, एवढंच हवं होतं.”

तिनं आपला हात माझ्या हातातून काढून घेतला. रागानं ओढला नाही, नुसता काढून घेतला. माझ्याकडे बघत राहिली. आमच्या लग्नाला तेव्हा एकोणचाळीस वर्षं झाली होती, आणि त्या नजरेनं तिनं मला त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं. अनोळखी माणूस दारात आला की साखळी न काढता बघतात, तसं ती बघत होती.

बऱ्याच वेळानं तिनं पलंगाच्या कडेवर हात टेकले आणि उभी राहिली. मी लगेच उठलो, कोपर पुढे केलं.

“बसा,” ती म्हणाली.

“अगं, पाय अजून...”

“बसा म्हटलं ना.”

मी बसलो. तिनं एक पाय उचलला. तो हवेत थरथरत होता. फरशीवर टेकवला, नुसता टेकवला. थांबली. तिच्या कपाळावर घाम आला होता. मग वजन त्या पायात जाताना मला दिसलं, गुडघा जरासा खाली आला, आणि मागचा पाय सुटला. मग दुसरा. भिंत हाताच्या अंतरावर होती, तिला ती धरता आली असती, पण तिनं धरली नाही. न्हाणीघराच्या दाराशी तिला वळायचं होतं. तिथं ती थांबली, वजन मागे घेतलं, पंजा रिकामा केला, वळवला, पुन्हा भरला. अकरा पावलांना किती वेळ लागला ते मी सांगू शकणार नाही. तेवढ्या वेळात मी जागचा हललो नाही. आतून तिनं कडी लावली.

एप्रिलपासून ती पुन्हा बागेत जायला लागली, एकटी. मला तिनं ‘या’ म्हटलं नाही आणि ‘नको’ असंही म्हटलं नाही. जूनमध्ये मीच गेलो आणि मधल्या ओळीत उभा राहिलो. आजही आम्ही जातो. पूर्वेचा कोपरा तिचाच आहे. अलीकडे नवीन येणाऱ्यांना चालायला तीच शिकवते. तिची पाठ समोर आली की मी अजून जरा जळतो, ते गेलेलं नाही. पण माझे गुडघे आता सुटलेत, असं मयेकर म्हणतात.

त्या दुपारबद्दल ती पुन्हा एका शब्दानं बोलली नाही. मुलांना सांगितलं नाही, भांडणातही कधी काढलं नाही. आमचं बरं चाललं आहे. सकाळी बागेतून आलो की पोहे मी करतो, चहा ती करते. न्याहारी झाली की दोघांच्या बीपीच्या गोळ्या मीच काढतो, आणि तिची तिच्या तळहातावर ठेवतो. पूर्वी ती बोलता बोलता, न बघता तोंडात टाकायची.

“पाकीट दाखवा,” ती म्हणते.

मी दाखवतो. ती चष्मा लावते, नाव वाचते आणि मग पाण्याचा घोट घेते.